घराच्या झिजेचा हिशेब

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर बांधणाऱ्याची आणि लग्न काढणाऱ्याची किती दमछाक होते, हे ती सांगते. परंतु ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली त्याची एक गोष्ट सांगायची राहूनच गेली, असे आम्हांस या वयात वाटू लागले आहे. लग्न एका दिवसात लागते, संसार जन्मभर राखावा लागतो. तसेच घर एकदा बांधून होते. पण ते पन्नास वर्षे राखणे ही निराळीच परीक्षा आहे. त्या परीक्षेत आम्ही एकदा नापास झालो. ती हकीकत आणि तिच्यामागचा प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रश्न दिसायला साधा आहे. ज्या छपराखाली आपण आणखी फार तर दहा वर्षे राहणार, ते तीस वर्षे टिकावे म्हणून म्हाताऱ्या माणसाने पैसे का द्यावेत? आणि ज्याच्यापाशी ते नाहीतच, त्याच्याकडे ते मागणे न्यायाचे आहे काय?

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे मुंबईत भाड्याच्या खोल्यांत वाढली. डोंगरी, इस्रायल मोहल्ला, माझगाव, भायखळा. कुठेही जा, पावसाळा आला की गळक्या छपराखाली बादल्या मांडणे हा घरोघरचा नेम होता. मालकाकडे तक्रार न्यावी तर तो म्हणे, "या भाड्यात मी काय दुरुस्त करू?" त्याचेही अगदीच खोटे नव्हते. १९४७ च्या भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली होती. भाडेकरू म्हणे, "घर माझे नाही, मी का खर्च करू?" त्याचेही खरे होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये तुळया कुजत गेल्या. पुढे १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. तोवर कितीतरी चाळी लाकडी टेकूंवर उभ्या होत्या. झीज कोणाच्याच वहीत मांडली गेली नाही, म्हणजे ती झाली नाही असे नव्हे. ती भिंतीत साठत गेली.

आम्ही परिचारिकेची नोकरी मिळून १९८४ साली अमेरिकेत आलो आणि १९९१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका सात मजली विटांच्या इमारतीत को-ऑप घर घेतले. को-ऑपमध्ये आपण खोल्या विकत घेत नाही, इमारतीच्या मालक कंपनीचे शेअर घेतो, हे येथील वाचकांना ठाऊक आहेच. म्हणजे भाडेकरूही आपण आणि मालकही आपणच. मुंबईत ज्या मालकाला आम्ही नावे ठेवली, त्याच्या खुर्चीत आता आम्हीच बसलो होतो. पण बसलो तरी मनाने भाडेकरूच राहिलो. दरमहा मेंटेनन्स भरला की आपले कर्तव्य संपले, अशी आमची समजूत होती.

न्यूयॉर्क शहरात सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून पाहणी करावी लागते. हा नियम एका मरणातून आला. १६ मे १९७९ रोजी ब्रॉडवेवर ११५ व्या रस्त्यापाशी एका इमारतीचा तुकडा निखळून पडला आणि बर्नार्ड कॉलेजची १७ वर्षांची विद्यार्थिनी ग्रेस गोल्ड मरण पावली. दुसऱ्या वर्षी, १९८० साली, लोकल लॉ १० झाला. १९९८ च्या लोकल लॉ ११ ने तो अधिक कडक केला. पाहणीनंतर इमारतीला तीनपैकी एक शेरा मिळतो. सुरक्षित, असुरक्षित आणि मधला एक, ज्याचा अर्थ असा की आज धोका नाही, पण सांगितलेली दुरुस्ती मुदतीत केली तरच. पुढल्या पाहणीपर्यंत ती केली नाही, तर तोच भाग असुरक्षित धरला जातो. आम्हां परिचारिकांना हा मधला शेरा चटकन समजतो. रक्तदाब वाढलेला आहे पण रोगी हिंडतो-फिरतो आहे, अशी ती अवस्था. दुखत काही नाही, म्हणूनच औषध टाळले जाते.

२०११ साली आमच्या गच्चीच्या कठड्यावर हा मधला शेरा बसला. इंजिनियरने सांगितले की विटांमधला मसाला झिजला आहे, गच्चीचा थरही जुना झाला आहे आणि दोहोंतून पाणी आत जात आहे. एकदाच परांची बांधून कठडा नीट करा आणि त्याच वेळी गच्चीही करून घ्या. खर्च घरटी सुमारे ४,००० डॉलर. एकरकमी देणे जड जाईल म्हणून बोर्डाने सुचवले की कर्ज काढून काम आताच करावे आणि त्यासाठी मेंटेनन्स दरमहा ५० डॉलरांनी वाढवावा. वाढ करण्याचा अधिकार बोर्डाचा खरा. पण बोर्ड निवडून यावे लागते, म्हणून २०१२ च्या वार्षिक सभेत सभासदांचा कल पाहण्यात आला.

आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर एक विधवा बाई राहत असत. त्यांचे यजमान बसचालक होते. बाईंची गुजराण सोशल सिक्युरिटी आणि यजमानांच्या थोड्या पेन्शनीवर. आमची रात्रपाळी असे तेव्हा आमची मुले शाळेतून त्यांच्याकडे जात. त्यांनी एक पैसा कधी घेतला नाही. त्या सभेत बाई गप्प बसून होत्या आणि हातातली पर्स उघडत-मिटत होत्या. आम्हांला ते पाहवले नाही. आम्ही उभे राहिलो आणि म्हणालो, "दरमहा पन्नास डॉलर म्हणजे या खोलीतल्या काही जणांची औषधे आहेत. छप्पर आणखी पाच वर्षे थांबेल. माणसाचे औषध थांबत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोर्डाने वाढ मागे घेतली आणि जेथे इंजिनियरने बोट ठेवले होते तेवढ्याच जागी सिमेंट लिंपून घेतले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः केलेला केक घेऊन आमच्या दारात आल्या.

२०१७ च्या पाहणीत कठडा असुरक्षित ठरला. पाणी सिमेंटच्या मागून उतरत राहिले होते. खिडक्यांवरच्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या होत्या आणि त्यांनी विटा बाहेर ढकलल्या होत्या. फुटपाथवर तो लाकडी मांडव उभा राहिला, जो या शहरात हरघडी दिसतो. मांडवाचे भाडे भरणे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून कित्येक इमारती वर्षानुवर्षे मांडवाखालीच राहतात. आमच्या बोर्डाने तसे केले नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण २०१८ साली जी स्पेशल असेसमेंट बसली, ती बाईंच्या घराला ११,००० डॉलरांची होती आणि मुदत दोन वर्षांची. चारांचे अकरा झाले ते थोडे महागाईने आणि पुष्कळसे पाण्याने. बाईंच्या उत्पन्नावर त्यांना कर्ज मिळेना. त्यांनी घर विकले आणि ओहायोला मुलीकडे गेल्या. ज्या घरात त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली, ते सोडताना त्यांनी आमचा हात धरून म्हटले, "त्या सभेत माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच बोललात." बाईंनी आमचे आभार मानले. ते आभार आम्हांला आजही टोचतात.

तरीही त्या वेळी आम्ही मनाची समजूत घालीत होतो, की दैव! आमचे डोळे उघडले ते २०२१ साली. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे समुद्राकाठची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ साली बांधलेली बारा मजली इमारत २४ जूनच्या मध्यरात्रीनंतर काही क्षणांत सुमारे अर्धी कोसळली. ९८ माणसे मेली. त्या वस्तीत यहुदी कुटुंबे पुष्कळ. आपल्या घरोघरी त्या दिवसांत टीव्ही बंद झाला नाही, आणि इस्रायलहून आलेले शोधपथकही सर्वांनी पाहिले.

त्या इमारतीची कागदपत्रे पुढे वर्तमानपत्रांत आली. २०१८ सालीच इंजिनियरने लिहून दिले होते की पोहण्याच्या तलावाभोवतीची फरशी, जी खालच्या गॅरेजचे छत होती, तिला पाणी वाहून जाण्यासाठी उतारच दिलेला नाही. वरचा जलरोधक थर निकामी झाला आहे आणि खालच्या काँक्रीटचे मोठे नुकसान झाले आहे. इमारत पडेल, असे त्यात म्हटले नव्हते. खर्चाचा अंदाज सुमारे ९० लाख डॉलर. मग सभा, वाद, राजीनामे. २०१९ साली बोर्डाचे बहुसंख्य सभासद सोडून गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दीड कोटी डॉलरांची असेसमेंट ठरली. घरटी वाटा सुमारे ८०,००० डॉलरांपासून तीन लाखांच्या वर. पहिला भरणा १ जुलैला सुरू व्हायचा होता. इमारत त्याच्या एक आठवडा आधी गेली.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. सरकारच्या निस्ट या संस्थेच्या तपासात असे दिसून आले की त्या फरशीचा मूळ आराखडाच बांधकामाच्या वेळच्या नियमांइतका भक्कम नव्हता. तेव्हा केवळ दुरुस्ती लांबवल्यामुळे इमारत पडली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. आणि तेथील सभासद दुष्ट होते असेही कोणी म्हणू नये. ते आमच्यासारखेच होते. सभेत उभे राहून कोणीतरी कोणाच्या तरी औषधांची आठवण करून दिली असेल आणि इतरांनी टाळ्या वाजवल्या असतील. आम्हांला भीती वाटली ती या साम्याची.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. पैसे न देण्याची जी कारणे आपण देतो, ती मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण असे की नवे छप्पर मी पाहणार नाही, मग त्याचे पैसे मी का द्यावेत? या बोलण्यात एक चूक दडलेली आहे. समजा साठ घरांची इमारत आहे, छपराला ३,६०,००० डॉलर लागतात आणि ते वीस वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला १८,००० डॉलरांचे छप्पर झिजते. घरटी वर्षाला ३०० आणि महिन्याला २५ डॉलर. मी त्याखाली पाच वर्षे झोपलो तर माझ्या वाट्याचे १,५०० डॉलरांचे छप्पर मी वापरून संपवले. घरातला तांदूळ जसा रोज शिजतो, तसे छप्पर रोज खर्च होते. फरक इतकाच की तांदळाचा डबा रिकामा होताना दिसतो. तेव्हा इमारतीच्या निधीत दिलेले २५ डॉलर ही पुढल्या पिढीला दिलेली देणगी नव्हे. ती या महिन्यात वापरलेल्या छपराची किंमत आहे. ती न देणारा काटकसर करीत नाही; तो आपले देणे पुढच्याच्या नावावर लिहितो, आणि पुढचा त्या सभेला हजर नसतो.

दुसरे कारण असे की पुढचे लोक आपल्यापेक्षा सुस्थितीत असतील, त्यांना झेपेल. असतीलही. पण ज्याला आपण कधी पाहिले नाही, त्याच्या खिशात आधीच हात घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय आमचा अनुभव असा की 'पुढचा' म्हणून कोणी परका येतोच असे नाही. २०१२ साली आम्ही जो भार पुढच्यांवर ढकलला, तो २०१८ साली त्याच बाईंच्या दारात आला. सहा वर्षांनी अधिक म्हाताऱ्या झालेल्या बाई, हाच आमचा 'पुढचा' माणूस होता.

तिसरे कारण सर्वांत बळकट आहे. आमच्या आधी जे राहून गेले त्यांनी काही साठवले नाही. स्वस्तात राहिले, चढ्या भावाने विकून गेले. त्यांची थकबाकी आम्ही का भरावी? यात अन्याय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु इस्पितळात पाळी बदलते तेव्हा जाणारी परिचारिका येणारीला 'ओव्हर' देते. रोग्याच्या पाठीला जखम झालेली दिसली, तर येणारी असे म्हणत नाही की ही आधीच्या पाळीची जखम, मी हात लावणार नाही. ती वहीत नोंद करते, म्हणजे दोष कोणाचा ते लिहिलेले राहील, आणि मग जखम धुवायला घेते. कोणीतरी एका पिढीने दुहेरी भार उचलल्याशिवाय ही साखळी तुटत नाही. आपल्या आईबापांनी स्वतः अर्धपोटी राहून आपल्याला शिकवले, तेव्हा 'आमच्या बापाने आम्हांला शिकवले नाही' असा हिशेब त्यांनी मांडला नव्हता.

मग त्या बाईंचे काय? 'पैसे द्या नाहीतर घर सोडा' असे म्हणणे हाच न्याय असेल, तर तो आम्हांला नको. येथे आमची २०१२ ची चूक नेमकी कोठे होती, हे आम्हांला उशिरा उमगले. बाईंवर दया करणे ही चूक नव्हती. एका बाईंना परवडत नाही म्हणून साऱ्या इमारतीचे औषध बंद करणे ही चूक होती. ज्यांना सहज परवडत होते त्यांनीही बाईंच्या आडोशाने पैसे वाचवले. टाळ्या त्यांच्याच जास्त होत्या, हे आता आठवते. दया करायची ती माणसावर नाव घेऊन करावी. वाढ सर्वांना लागू करावी आणि ज्याला झेपत नाही त्याचा हिस्सा खात्यावर मांडून ठेवावा, घर विकले जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा वसूल करावा; को-ऑपला असा करार करता येतो. न्यूयॉर्कमध्ये ६५ वर्षांवरील कमी उत्पन्नाच्या घरमालकांना मालमत्ता करात सूट देणारी सीनियर सिटिझन होमओनर्स एक्झेम्प्शन ही योजना आहे आणि ती को-ऑपलाही लागू आहे. अर्ज भरायला कोणी शेजारी बसले, तर कित्येकांची वाढ त्यातूनच भागेल. आम्ही बाईंसाठी भाषण केले. त्याऐवजी तो अर्ज भरून दिला असता तर बरे झाले असते.

कायद्यानेही हाच गुंता सोडवण्याचा प्रयत्न चालवला आहे. फ्लोरिडात पूर्वी सभासदांना बहुमताने राखीव निधी माफ करून घेता येत असे. मे २०२२ च्या कायद्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डोंना ठरावीक वयानंतर संरचनेची पाहणी आणि दर दहा वर्षांनी निधीचा अभ्यास सक्तीचा केला. छप्पर, आधारभूत बांधकाम, जलरोधक थर यांसारख्या बाबींसाठी पैसे बाजूला काढणे टाळता येईनासे झाले. लगेच पेन्शनरांची ओरड झाली, कारण अनेक वर्षांची थकबाकी एकदम अंगावर आली. २०२५ साली कायद्यात काही सवलती दिल्या गेल्या. निधीऐवजी कर्जाची सोय करण्यासही वाव मिळाला. ओरड खोटी नव्हती. पण जे बिल आले, ते कायद्याने निर्माण केले नव्हते. कायद्याने फक्त पाकीट फोडले.

आपल्या मुंबईचीही गोष्ट निराळी नाही. तेथील सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत टाकायचा असतो. पाव टक्का म्हणजे, व्याज सोडले तर, चाळीस वर्षांत मूळ खर्चाचा दहावा भाग. १९८० च्या भावातला दहावा भाग २०२० साली कोठे पुरणार? १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांचे तीन वर्षांतून एकदा करावे, असेही उपविधी सांगतात. पण पुष्कळ ठिकाणी लोक बिल्डरची वाट पाहत बसतात; रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग दुरुस्ती कशाला? २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. ज्या रस्त्यांवरून आपण लहानपणी शाळेत गेलो, तेथे ही घटना घडली.

आता व्यवहाराचे दोन शब्द. कोणते काम केव्हा करावे, याचा एक सोपा निकष आम्हांला पटला आहे. ज्या वस्तूच्या बिघाडाने फक्त तीच वस्तू बिघडते, ती थांबू शकते. जिन्यातला रंग, दालनातली फरशी, दारावरचा दिवा यांची घाई नको. शाबूत बॉयलर लवकर बदलणे म्हणजेही त्याची उरलेली वर्षे फेकून देणेच. पण जिच्या बिघाडाने दुसऱ्या वस्तू सडतात, ती बिघडण्यापूर्वीच हाती घ्यावी. छप्पर, कठडा, पाण्याचे नळ, गच्चीवरची पन्हळे ही त्या वर्गातली. थोडक्यात, पाणी आधी, शोभा नंतर. दुसरे असे की परांची एकदा बांधली की तिच्यावरून होण्याजोगी सर्व कामे एकदमच उरकावीत. तिसरे, पुढल्या तीस वर्षांची यादी करावी, प्रत्येक वस्तूपुढे उरलेले आयुष्य आणि आजची किंमत लिहावी आणि दर तीन-चार वर्षांनी ती यादी पुन्हा तपासावी. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला आम्ही दर दोन तासांनी कुशीवर वळवीत असू. त्यासाठी परिचारिकेचे कोणी कौतुक केलेले आठवत नाही, कारण तिचे काम चांगले झाले की काहीच घडत नाही. इमारत राखण्याचे कामही त्याच जातीचे आहे.

तोराने हा विषय किती जुन्या काळी हाताळला आहे, हे पाहून आम्हांला नवल वाटले. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडल्यास रक्ताचा दोष घरावर येणार नाही, ही देवारीमच्या २२ व्या अध्यायातील आज्ञा सर्वांच्या परिचयाची आहे. वायिक्राच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर पडणाऱ्या चट्ट्यांचा नियम आहे. तेथे घरवाल्याने आपण होऊन कोहेनकडे जाऊन सांगायचे असते. मग पाहणी, सात दिवस थांबणे, पुन्हा पाहणी, बिघडलेले दगड काढून नवे बसवणे, नवा गिलावा. आणि तरीही चट्टा परतला तरच घर पाडणे. त्यातील पहिली पायरी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. सांगायचे घरवाल्यानेच. न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२४ पासून रस्त्याकडेच्या कठड्यांची दरवर्षी पाहणी करण्याचा नियम झाला आहे, इमारत कितीही बुटकी असो. कठडा बांधण्याची आज्ञा ज्याला मान्य आहे, त्याला तो राखण्याची आज्ञा निराळी द्यावी लागू नये.

२०२५ च्या आमच्या वार्षिक सभेत पुन्हा तोच प्रसंग आला. बोर्डाने तीस वर्षांची यादी मांडली आणि दरमहा ८५ डॉलरांची वाढ सुचवली. आता आम्ही निवृत्त आहोत; आमचेही उत्पन्न ठरलेले. तेव्हा पाचव्या मजल्यावर, बाईंच्याच घरात, राहायला आलेला तरुण गृहस्थ उभा राहिला आणि आमच्याकडे हात करून म्हणाला, "आपल्यातल्या वयस्कर मंडळींचा विचार करा. ही वाढ दोन-तीन वर्षे पुढे ढकलू या." त्याच्या मनात खोट नव्हती. आमच्याही मनात २०१२ साली नव्हती.

आम्ही उठलो आणि म्हणालो, "बाळा, आमच्या नावाने हे थांबवू नकोस. वाढ आजच करा. मात्र त्याच ठरावात हेही लिहा की ज्याला झेपणार नाही त्याचा हिस्सा घर विकेपर्यंत मांडून ठेवला जाईल." या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. वाढ मंजूर झाली. सवलतीचा ठराव वकिलाकडे गेला आहे आणि आम्ही दर महिन्याला त्याची चौकशी करतो. ८५ डॉलर आम्हांला जाणवतात, हे खोटे कशाला सांगावे? दर दोन वर्षांनी भारतात जाण्याचा आमचा नेम आता तीन वर्षांवर गेला आहे.

ओहायोला आम्ही पत्र लिहिले. त्या दिवशीच्या भाषणाबद्दल आमचे आभार मानू नयेत, त्या भाषणानेच तुमचे घर गेले, असे स्पष्ट लिहिले. उत्तर अजून आलेले नाही. बाईंचे वय आता नव्वदीच्या पुढे आहे.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांची घरे या देशात अशाच सामाईक छपराखाली आहेत. पुढल्या सभेला कंटाळा न करता जा. जाण्यापूर्वी एकदा गच्चीवर चढा आणि कठड्यावरून हात फिरवा. विटांमधला मसाला बोटाला लागला, तर सभेत तेवढे अवश्य सांगा.